नवे बुश लवकर का फाटतात? बोल्ट आवळण्याआधी वाचा

"तुमच्याकडून बुशचा सेट घेतला, ओळखीच्या मेकॅनिककडून बसवला, आणि वर्ष व्हायच्या आत रबर फाटलं. माल हलका आहे का?" चाकाला गाडीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या (आर्मच्या) टोकाला बसणाऱ्या बुशबद्दल हा प्रश्न इतक्या वेळा येतो की शेवटी त्याचं उत्तर छापून प्रत्येक खोक्यात घालायचं ठरवलं. माल हलका नाही. गाडी जॅकवर आणि चाकं लटकलेली असताना बोल्ट पूर्ण आवळले, की कुठल्याही कंपनीचा रबरी बुश असाच फाटतो.

रबरी बुश म्हणजे बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि दोघांना घट्ट चिकटलेलं रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा इथे काहीच घसरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या ब्रॅकेटमध्ये जखडते, बाहेरचं कडं आर्मबरोबर फिरतं आणि मधलं रबर पिळलं जातं. पीळ सोसण्यासाठीच ते बनवलेलं असतं. फक्त ज्या स्थितीत तुम्ही बोल्ट आवळता, ती स्थिती रबराच्या लेखी शून्य ठरते.

आकड्यांत बघा. आर्मची लांबी ३०० मिमी धरू. गाडी चाकांवर उभी असते त्यापेक्षा लटकलेलं चाक ८० मिमी खाली असेल, तर आर्म साधारण १५ अंश खाली झुकतो. उंचवट्यावर चाक ६० मिमी वर गेलं तर आर्म ११-१२ अंश वर जातो. गाडी उभी असतानाच्या उंचीला बोल्ट आवळला असेल तर रबराला एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला १२ अंश पीळ बसतो. लटकत्या चाकाला आवळला असेल तर गाडी नुसती उभी असतानाही १५ अंशांचा पीळ कायम, आणि उंचवट्यावर तो एकाच दिशेने २७ अंशांवर जातो. त्यात कुठलं रबर टिकेल?

शिवाय पिळलेलं रबर जादा स्प्रिंगसारखं काम करतं. गाडी किंचित उंच बसते आणि कडक चालते. "नवे बुश म्हणून कडक वाटते" असं समजून लोक खूश होतात आणि तशाच अवस्थेत अलाइनमेंट करून घेतात. पुढे रबर सैल पडतं, गाडी खाली बसते, कॅम्बर-टो (चाकाचा कल आणि दिशा) हलतात आणि टायर आतल्या कडेला खायला लागतो. तेव्हा पुन्हा आमच्याकडे फोन.

पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ वाल्यांनी (१९८९ ते १९९७) इथे जरा जास्त लक्ष द्यावं. तिला चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला एक वरचा आणि एक खालचा आर्म आहे. खालच्या आर्मचे आतले बोल्ट एक्सेंट्रिक (फिरवले की आर्म थोडा सरकवणारे) असतात, अलाइनमेंट त्यांनीच होते. म्हणजे अलाइनमेंटवाला ते सैल करतो आणि गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळतो, त्यामुळे खालचे बुश नकळत वाचतात. वरच्या आर्मच्या बोल्टला तो हातच लावत नाही. आमच्याकडे परत येणाऱ्या आर्ममध्ये वरचे जास्त असतात, त्याचं कारण हेच.

मग आवळायचं कसं? काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि टेपवर लिहून तिथेच चिकटवा. एकदा गाडी खोलली की हा आकडा मिळत नाही. बुश बसवताना सगळे बोल्ट फक्त हाताने फिरतील एवढेच आवळा. मग शॉक आणि स्प्रिंग लावण्याआधी, अँटी-रोल बारची (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्याची) लिंक सोडून, चाक बसतं त्या हबखाली छोटा जॅक लावून ते अंतर परत आणा आणि टॉर्क रेंचने आवळा. स्प्रिंग नसल्यामुळे जोर लागत नाही आणि गाडी स्टँडवरून उचलली जाण्याची भीती नसते. शॉक आधीच बसला असेल तर चारही चाकं भक्कम रॅम्पवर घ्या, गाडी थोडी पुढे-मागे ढकला, वरून दाबून सोडा आणि मग आवळा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये, पाच मिनिटांच्या कामासाठीसुद्धा नाही. टॉर्कचे आकडे आम्ही इथे मुद्दाम देत नाही. ते तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या.

ज्यांनी फक्त लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणारे आखूड स्प्रिंग) घेतले आणि बुशना हात लावला नाही, त्यांनाही हे लागू आहे. गाडी ३० मिमी खाली आली की जुने बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात. नव्या उंचीला सगळे बोल्ट एकदा सैल करून पुन्हा आवळावे लागतात. स्प्रिंगच्या खोक्यावर हे सहसा लिहिलेलं नसतं. त्याच वेळी बम्प स्टॉपही (शॉक पूर्ण दाबला जाताना धक्का झेलणारा ठोकळा) बघा. एमएक्स-५ मध्ये शॉकला वरच्या दिशेला चाल मुळात कमी आहे. गाडी खाली केल्यावर बम्प स्टॉप चुरा झालेला असेल तर महागडे शॉकही लवकर मरतात.

"मग पॉलियुरेथेनच घालतो, कटकट नको." घाला, आम्ही तेही विकतो. त्यात आतली नळी बुशमध्ये मोकळी फिरते, त्यामुळे पिळाचा प्रश्न उरत नाही. पण ते ग्रीसवर चालतं. ग्रीस आटलं की किरकिर सुरू होते आणि ती थांबवायला आर्म पुन्हा खोलावा लागतो. रस्त्याचा आवाज आत येतो तो वेगळाच. ट्रॅकवर नेहमी जाणाऱ्या गाडीला आम्ही पॉलीच सुचवतो. रोज किंवा सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीला चांगलं नवं रबर पुरतं, आणि पुष्कळ मालकांना तेवढ्यानेच गाडी पुन्हा नवी वाटते. पॉली विकण्यात आम्हाला जास्त पैसे सुटतात, हेही सांगून टाकतो.

रबरी बुश दाबताना साबणाचं पाणी वापरा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, नैसर्गिक रबर त्याने फुगतं. काही बुशच्या रबरात एका बाजूला पोकळ्या असतात. ते कुठल्या दिशेला बसवायचे हे ठरलेलं असतं, म्हणून जुना काढण्याआधी आर्मवर खूण करा.

एकच बुश का देत नाही, असं विचारतात. गाडी तीस वर्षांची असेल तर सगळे बुश तेवढ्याच वयाचे आहेत. एक बदलला की शेजारच्याचा प्ले (ढिलेपणा) जाणवायला लागतो आणि पुन्हा आर्म काढण्याची मजुरी बसते. म्हणून निदान एका ॲक्सलचा सेट देतो. कॉइलओव्हर (शॉक आणि स्प्रिंगचा एकत्र सेट) घ्यायला आलेल्यांनाही आधी बुश आणि बॉल जॉइंट (आर्म आणि हबमधला गोळ्याचा सांधा) तपासून घ्या असंच सांगतो. ब्रेक मारल्यावर गाडी इकडेतिकडे भरकटत असेल, हळू वेगात खडखड येत असेल, तर शॉक बदलून ते जाणार नाही. उंचवट्यावरून गेल्यावर गाडी डुलत राहत असेल तर मात्र शॉकच.

आता बदलून देण्याबद्दल. आमच्या प्रेसवर बुश बसवताना आम्ही आतल्या नळीच्या बाहेर आलेल्या कडेवर आणि आर्मवर समोरासमोर पांढऱ्या रंगाची रेघ मारतो. बोल्ट आवळल्यावर गाडी चाकांवर उभी करून टॉर्चने बघा. दोन्ही रेघा समोरासमोर असतील तर काम बरोबर झालं. एकमेकींपासून सरकलेल्या दिसल्या तर बोल्ट सैल करून पुन्हा आवळा, अजून काही बिघडलेलं नसतं. एका दिशेने पिळून फाटलेला बुश आम्ही बदलून देत नाही. रबर लोखंडापासून सुटलं असेल तर तो आमच्या मालातला दोष, तो विनातक्रार बदलून मिळेल.

आर्म आमच्याकडे पाठवणार असाल तर माती धुऊन, बॉल जॉइंटसह पाठवा. एक्सेंट्रिक बोल्ट किंवा मागच्या हबमधला खालचा लांब बोल्ट नळीत गंजून अडकला असेल तर हातोड्याने ठोकत बसू नका, त्याचे आटे बसतात आणि ब्रॅकेट वाकतो. बोल्ट कापून काढा आणि ऑर्डरमध्ये तसं लिहा. नवे बोल्ट आम्ही तयार ठेवतो.