कापडाला कोन शिकवणारा कागद

सुती कापडाचा रुमालाएवढा तुकडा घ्या आणि उभ्या धाग्याच्या दिशेने ओढून बघा. काही होत नाही. आडव्या धाग्याच्या दिशेने ओढलात तर किंचित ताणतो. आता समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत धरून तिरपा ओढा. तुकडा भसकन लांब होतो आणि मध्ये बारीक होतो. धागे स्वतः फारसे ताणलेले नसतात. उभे-आडवे धागे जिथे एकमेकांवरून जातात तिथे ते काटकोन सोडून सरकतात, आणि विणीतल्या हजारो इवल्या चौकोनांचे पतंगासारखे तिरके चौकोन होतात. शिवणकामात या तिरक्या दिशेला उरेब म्हणतात, आणि नवशिक्याचे निम्मे कपडे बिघडतात ते तिच्यामुळेच.

आता याच कापडातून षटकोन कापा. त्याच्या दोन बाजू उभ्या धाग्याला समांतर ठेवल्या, तर उरलेल्या चार बाजू त्या धाग्याशी ६० अंशांचा कोन करतात. म्हणजे सहापैकी चार कडा ताणायला तयारच. असे दोन हजार तुकडे एकमेकांना जोडून सपाट गोधडी करायची म्हणजे कापडाच्या स्वभावाशीच वैर.

यावरची तोड म्हणजे इंग्लिश पेपर पीसिंग. नावात इंग्लिश आहे, कारण अठराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये ही पद्धत चांगली रुजली होती. जाडसर कागदाचा अचूक षटकोन कापायचा, समजा एक इंच बाजूचा. कापड त्याहून चहूबाजूंनी पाव इंच मोठं कापायचं. ही शिलाईची माया. माया कागदाच्या मागे दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवायची. मग असे दोन षटकोन सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवायचे आणि दुमडलेल्या कडांवरून दोरा गुंडाळत बारीक टाके घालायचे. सुईने प्रत्येक घडीतले दोन-तीन धागेच उचलायचे, कागदाला स्पर्श करायचा नाही. सुई कागदाला लागली की हाताला कळतं, आवाजही बारीक ‘टक्’ असा येतो. काही दिवसांनी मी तर बोटांपेक्षा त्या आवाजावरच जास्त भरवसा ठेवायला लागले.

कागद ताणत नाही, एवढंच त्याचं काम. कोन कापडाने सांभाळायचा नाही, हातानेही नाही. तो कागदात आधीच कापून ठेवलेला असतो.

पण षटकोनच कशाला? समान बाजू आणि समान कोन असलेल्या आकारांपैकी फक्त तीनच आकार फट न ठेवता जमीन झाकतात: त्रिकोण, चौकोन, षटकोन. एका बिंदूभोवती ३६० अंश भरायचे असतात. षटकोनाचा कोन १२० अंशांचा, तेव्हा तिघांत काम होतं. पंचकोनाचा कोन १०८; तीन ठेवले तर ३६ अंशांची फट उरते आणि चौथा मावत नाही. आणि या तिघांत षटकोन सर्वांत काटकसरी. सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे पाडायचे तर सीमारेषा सर्वांत कमी लागते ती षटकोनांच्या जाळीत. मधमाश्यांच्या पोळ्याकडे बघून अलेक्झांड्रियाच्या पॅपस या ग्रीक गणितज्ञाने चौथ्या शतकात असंच काहीसं लिहून ठेवलं होतं. सगळ्या शक्य आकारांच्या तुलनेत हे खरं आहे याची पक्की सिद्धता मात्र थॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९९ साली दिली.

गोधडीत सीमारेषा म्हणजे शिलाई, म्हणून हिशेब करून बघितला. १५० बाय २२० सेंटिमीटरची गोधडी, एक इंच बाजूचे षटकोन. एका षटकोनाचं क्षेत्रफळ साधारण १६.८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १,९७० तुकडे. प्रत्येक बाजू दोघांत वाटलेली, म्हणून तुकड्यामागे तीन शिवणी. एकूण शिवण सुमारे १५० मीटर. तेवढ्याच क्षेत्रफळाचे चौकोन घेतले असते तर ती १६१ मीटर झाली असती. अकरा मीटर वाचले!

हा फायदा मात्र कागदावरचाच आहे, आणि इथे षटकोन आपल्याला फसवतो. चौकोनांच्या गोधडीत पट्ट्या करता येतात. पट्टीला पट्टी लावली की मशीनवर एका दमात दीड-दोन मीटर सरळ शिवण निघते. षटकोनांच्या जाळीत कुठलीही रेषा एका बाजूपुढे सरळ जातच नाही. दर इंचाला तिठा, दर तिठ्यावर ६० अंशांचं वळण. मशीनवर प्रत्येक वळणाला थांबा, कापड फिरवा, कोपरा जुळवा. जमतं, पण जिवावर येतं. हाताने मात्र वळण आलं की मधला षटकोन कागदासकट हलकेच दुमडायचा आणि तोच दोरा पुढच्या बाजूला न्यायचा. इंचाला पंधरा टाके धरले तर आपल्या गोधडीत जवळपास ९०,००० टाके पडतात. अकरा मीटर वाचवल्याची किंमत ही.

माझी पहिली गोधडी टाक्यांमुळे नाही, कागदांमुळे बिघडली. पहिला कागद मी पट्टी-कंपास घेऊन नीट आखला. दुसरा त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून काढला, तिसरा दुसऱ्याभोवती, चौथा तिसऱ्याभोवती. पेन्सिलीची रेघ कागदाच्या कडेबाहेर पडते, त्यामुळे प्रत्येक पिढी केसभर मोठी झाली. शेवटचे षटकोन पहिल्यांच्या शेजारी बसेनात. मी दोष कापडाला देत होते.

चुका दोन जातींच्या असतात. एकेका तुकड्यात अर्धा मिलिमीटर चूक, पण कधी जास्त कधी कमी अशी असेल, तर ४९ तुकड्यांच्या रांगेत चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खातात. एकूण फरक साधारण ४९ च्या वर्गमूळाच्या पटीत, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आसपास राहतो, आणि तो कापड मुकाट्याने पोटात घालतं. पण चूक एकाच बाजूची असेल तर ४९ गुणिले अर्धा, म्हणजे साडेचोवीस मिलिमीटर. जवळपास एक अख्खी बाजू. सगळे कागद एकाच मूळ साच्यावरून कापायचे, हा नियम जुन्या हातांनी उगाच केलेला नाही.

कोन चुकला तर आणखी मजा होते. मुद्दाम करून बघण्यासारखं आहे. मध्ये एक षटकोन, भोवती सहा: सपाट फूल. दुसरं वेटोळं बारांचं, तिसरं अठरांचं. तुकड्यांची संख्या १, ७, १९, ३७ अशी जाते, आणि गंमत म्हणजे सुरुवातीपासून बेरीज करत गेलं तर १, ८, २७, ६४ असे घन मिळतात. आता मध्ये षटकोनाऐवजी पंचकोन ठेवा आणि भोवती पाच षटकोन शिवा. फूल सपाट राहतच नाही, त्याची वाटी होते. सप्तकोन ठेवून सात शिवले तर उलट कापड जास्त होतं आणि कडा झालरीसारख्या वरखाली होतात. इस्त्री कितीही फिरवा, उपयोग नाही. बिंदूभोवती ३६० अंशांपेक्षा कमी किंवा जास्त भरलं की पृष्ठभागाला वाकावंच लागतं.

वाटी पुढे शिवत नेली तर चेंडू होतो. प्रत्येक कोपऱ्यावर तीनच तुकडे भेटत असतील, तर चेंडू बंद व्हायला पंचकोन नेमके बारा लागतात. षटकोन किती हे जवळपास तुमच्या मर्जीवर. वीस घेतले की जुन्या काळ्या-पांढऱ्या फुटबॉलचा आकार मिळतो. कार्बनचे ६० अणूही याच आकारात जोडलेले असतात, हे १९८५ मध्ये उघड झालं आणि त्याबद्दल क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

षटकोनाच्या सहाही बाजूंना शेजारी आले की कच्चे टाके उसवून त्याचा कागद काढता येतो. शेजारच्या शिवणी आता आकार धरून ठेवतात. कागद पुन्हा वापरता येतो. पण पुष्कळ जुन्या गोधड्या अर्ध्यावरच राहिल्या आणि त्यांचे कागद आतच राहिले. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्ड या संस्थेकडे १७१८ सालाची, रेशमी तुकड्यांची एक चादर आहे, कागदांसकट. जुने साचे टाकाऊ पत्रांतून, हिशेबाच्या वह्यांतून, छापील कागदांतून कापलेले असत, त्यामुळे उलट बाजूने पाहिलं की अर्धवट तोडलेले शब्द दिसतात. एखाद्या तुकड्यावर १८२० ची तारीख असेल तर तो तुकडा त्याआधी शिवलेला नाही, एवढं नक्की. किती नंतर शिवला ते कागद सांगत नाही, तिथे कापडाची छपाई आणि रंग कामाला येतात.

त्या काळचा कागद लाकडाच्या लगद्याचा नव्हता. तो प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरला. त्याआधी युरोपात कागद व्हायचा जुन्या लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) आणि सुती चिंध्या कुजवून, कुटून.