जुन्या ट्रकचे नोझल बदलून अ‍ॅव्हरेज वाढते का? पार्श्वभूमी

जानेवारी 2013 पासून डिझेलचे दर दरमहा 50 पैशांपर्यंत चढू लागले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये ते सरकारी नियंत्रणातून पूर्ण सुटले. तोवर पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे टोक) यांचे काम ट्रकमालक धूर वाढला किंवा गाडी चढाला दमू लागली तरच काढत. त्यानंतर निव्वळ अ‍ॅव्हरेजसाठी नोझल बदलण्याची मागणी वाढली. हिशेब सरळ आहे. महिन्याला 6000 किमी चालणारी गाडी लिटरला 4 किमी देत असेल तर 1500 लिटर डिझेल लागते. त्यात 5 टक्के वाचले तर 75 लिटर. मात्र हे 5 टक्के नेमके कुठून येतात याबद्दल गॅरेजांमध्ये अजून एकमत नाही.

डिझेल इंजिनात सुरुवातीला इंधन दाबाच्या हवेने फुंकले जाई. 1927 मध्ये जर्मनीत एका ओळीतल्या प्लंजरांचा (डिझेल दाबून ढकलणाऱ्या दांड्यांचा) पंप आणि त्याला जोडीची नोझल यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि ट्रकवर डिझेल इंजिन बसवणे व्यवहार्य झाले. भारतात हेच तंत्र 1950 च्या दशकात बंगळूरला आणि त्यानंतरच्या काळात नाशिकच्या सातपूर वसाहतीत आले. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांवरची नोझले याच घराण्यातली आहेत.

इथे ‘जुना ट्रक’ म्हणजे मुख्यतः टाटाच्या 1210 आणि 1613 च्या पिढीतल्या गाड्या. त्यातले 697 मालिकेचे इंजिन सहा सिलिंडरचे, 97 मिमी बोअरचे, 5675 सीसीचे. त्याआधीच्या प्रीचेंबर (सिलिंडरआधी छोटा ज्वलनकक्ष असलेल्या) इंजिनांना पिंटल (एकाच छिद्राचे) नोझल लागे आणि ते शंभर-सव्वाशे बार (दाबाचे एकक) इतक्या दाबाला उघडे. थेट पिस्टनच्या वाटीत फवारणाऱ्या इंजिनांना अनेक छिद्रांचे नोझल आणि 200 बारच्या आसपासचा दाब आला. गेल्या पन्नास वर्षांतली खरी मोठी सुधारणा हीच होती आणि ती इंजिन बनवणाऱ्यांनी केली. त्यानंतर गॅरेजच्या पातळीवर झालेले बदल तुलनेने लहान आहेत.

सर्वांत जास्त वाद आहे तो ‘प्रेशर वाढवण्या’चा. नोझल टेस्टरवर हात मारून जो आकडा दिसतो तो, नोझलची छिद्रे स्प्रिंगच्या जोराने बंद ठेवणारी सुई उचलली जाण्याचा दाब असतो. सुई एकदा उचलली की पुढचा दाब पंप किती वेगाने डिझेल ढकलतो आणि छिद्रे किती मोठी आहेत यावर ठरतो. भरधाव गाडीत तो टेस्टरवरच्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट जातो. त्यामुळे स्प्रिंगवर शिम (पातळ चकती) टाकून 200 चे 230 बार केले म्हणजे फवारा त्याच प्रमाणात बारीक झाला, असे होत नाही. त्याचे परिणाम वेगळ्याच ठिकाणी दिसतात.

पहिला परिणाम टायमिंगवर, म्हणजे फवारा सुरू होण्याच्या वेळेवर होतो. पाइपमधले डिझेल जास्त दाबले जाईपर्यंत सुई थांबून राहते, म्हणून फवारा उशिरा सुरू होतो. पंपाचे टायमिंग तेच ठेवले तर थंड इंजिन पांढरा धूर सोडते, सायलेन्सर जास्त तापतो आणि अ‍ॅव्हरेज उलट घसरते. मग मिस्त्री पंप पुढे फिरवतो आणि नॉकिंग (इंजिनाची ठोके मारल्यासारखी खडखड) सुरू होते. दुसरा परिणाम पंपावर. एलिमेंट (प्लंजर आणि त्याची नळी) झिजलेले असले तर वाढलेल्या दाबाला गळती वाढते, विशेषतः सेल्फ मारताना, आणि सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास होतो. तिसरा म्हणजे सुई बसताना सीटवर जास्त जोराने आदळते.

प्रेशर वाढवण्याच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. स्प्रिंग कडक असली तर फवारा शेवटी पटकन तुटतो आणि टपकणारे उरलेसुरले डिझेल कमी होते. लहान छिद्रांच्या नंतरच्या नोझलांना कारखान्यांनी स्वतःच जास्त दाब ठरवून दिला होता, पण त्यासोबत पंप आणि टायमिंगही बदलले होते. जुन्या इंजिनाला त्यातला फक्त दाब उचलून लावणे ही अर्धवट नक्कल होते. नवी स्प्रिंग बसवताना ठरलेल्या दाबापेक्षा 10 बार जास्त ठेवणे योग्यच, कारण काही दिवसांत स्प्रिंग दबून थोडी ढिली होते. जाडीचा सर्वसाधारण अंदाज असा, की 0.1 मिमी शिमने सुमारे 10 बार फरक पडतो. तरी नोझल धरणाऱ्या प्रत्येक होल्डरला टेस्टरवर लावूनच पाहावे.

जास्त छिद्रांच्या नोझलबद्दलही गैरसमज आहे. 0.30 मिमीची 4 छिद्रे आणि 0.27 मिमीची 5 छिद्रे यांचे एकूण क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच, सुमारे 0.28 चौरस मिमी. पाच छिद्रांचे थेंब बारीक होतात, पण त्यांची पोहोच कमी होते. जुन्या इंजिनाच्या वाटीत हवा जोरात फिरते, तिथे शेजारचे फवारे एकमेकांत मिसळून काळा धूर येऊ शकतो. उलट मोठ्या छिद्रांनी गाडी ‘ओढते’ असे वाटते, कारण डिझेल कमी वेळात आत जाते. त्याच वेळी दाब पडतो आणि थेंब जाड होतात. ओळीच्या पंपात डिझेलचे माप प्लंजर आणि त्यांना फिरवणारा रॅक (दातेरी पट्टी) ठरवतात, नोझल नाही. मोठे नोझल म्हणजे जास्त डिझेल हे समीकरण कॉमन रेलला (उच्च दाबाच्या सामाईक नळीतून, संगणकाच्या ताब्यात डिझेल देणाऱ्या यंत्रणेला) लागू पडते, या इंजिनांना नाही.

शिवाय नोझलवर कोरलेला क्रमांक पाहावा. त्यातल्या डीएलएलए या अक्षरांनंतरचा आकडा फवाऱ्याचा कोन दाखवतो. कोन बदलला तर डिझेल वाटीच्या काठावर किंवा सिलिंडरच्या भिंतीवर जाते आणि इंजिन ऑइल पातळ होते. त्याच्या पुढचे ‘एस’ किंवा ‘पी’ हे अक्षर सुईचा आकार सांगते. पी मालिकेची सुई 4 मिमीची, हलकी, म्हणून ती चटकन उघडते आणि बंद होते. ती लावायची तर होल्डरही तसाच लागतो, आणि जुन्या हेडमध्ये तो सरळ बसत नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून आलेल्या 5.9 लिटरच्या इंजिनांची गोष्ट वेगळी. तिथे त्याच इंजिनाच्या वेगवेगळ्या रेटिंगची नोझले मिळतात, म्हणून निवडीला जास्त वाव आहे.

यापेक्षा मोठा फरक डिझेलच्या दर्जाने पडला. स्वस्त रॉकेलची भेसळ सर्रास होती तेव्हा सुया वंगणाअभावी घासल्या जात. पुढे गंधक 2000 मधल्या 2500 पीपीएमवरून भारत-2 या प्रदूषण-मानकाला 500, भारत-3 ला 350, भारत-4 ला 50 आणि 2020 मधल्या भारत-6 ला 10 पीपीएमवर आले. गंधक काढताना नैसर्गिक वंगणही जाते, म्हणून झिजेची कसोटीही 460 मायक्रॉनवर ठरली. आजचे शुद्ध डिझेल जुन्या नोझलला अपायकारक नाही. त्याचा खरा शत्रू पाणी आहे. फिल्टरच्या तळाचे पाणी न सोडणारी गाडी नवा संच काही महिन्यांत खराब करते.

कामाची पद्धत फारशी बदललेली नाही, तरी बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. सहाही नोझले एकाच क्रमांकाची, एकदम बदलावीत. नव्या नोझलवरचे गंजरोधक तेल स्वच्छ डिझेलने धुवावे. सुई तिच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वर ओढून सोडली की स्वतःच्या वजनाने खाली जायला हवी. एका नोझलची सुई दुसऱ्यात घालू नये. त्यांची जोडी दोन-चार मायक्रॉनच्या फटीवर जुळवलेली असते. टेस्टरवर उघडण्याच्या दाबापेक्षा 20 बार कमी ठेवून 10 सेकंद थांबावे. टोकावरून थेंब पडला तर ते नोझल बाद. टोपीचा नट जास्त आवळला तर सुई अडकते.

हेडमध्ये बसवताना तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घ्यावा, आणि जुना खाली चिकटून राहिला नाही ना हे टॉर्च टाकून पाहावे. दोन वॉशर राहिले तर नोझल वर येते, फवारा वाटीबाहेर जातो आणि सगळे काम वाया गेले असे मालकाला वाटते. नंतर फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे युनियन सैल करून हवा काढावी. आणि टायमिंग. डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून, वाकडी नळी लावून धार थांबण्याच्या बिंदूवर ते तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरू नये.

पंप बेंचवर कॅलिब्रेट केला तरी तिथे प्रमाणित चाचणी-नोझले लावलेली असतात. गाडीवरची सहा नोझले आपसात वेगळी असतील तर ते बेंचवर कधीच दिसत नाही. म्हणून नव्या संचाने मिळणारा फायदा बहुतांशी झिजलेल्या नोझलांमुळे गमावलेले अ‍ॅव्हरेज परत मिळवणे हाच असतो. आधीच निरोगी असलेल्या इंजिनात त्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

भारत-4 देशभर लागू झाल्यावर, म्हणजे एप्रिल 2017 पासून, नव्या मालट्रकांवर कॉमन रेल रूढ झाले. तिथे दाब हजार बारच्या बराच वर असतो आणि नवा इंजेक्टर बसवताना त्याचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) भरावा लागतो. जुन्या इंजिनावर ते चढवायचे तर उच्च दाबाचा पंप, रेल, सेन्सर आणि ईसीयू सगळे आणावे लागते. गाडीच्या किमतीत तो खर्च बसत नाही. जुन्या गाडीसाठी व्यावहारिक मोजमाप पीयूसीचे आहे. भारत-3 पर्यंतच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा 2.45 प्रति मीटर, भारत-4 ला 1.62. नोझल बदलण्याआधी आणि नंतर एकाच केंद्रावर, इंजिन गरम असताना ही चाचणी करून दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात आणि अ‍ॅव्हरेज त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाला, टाकी काठोकाठ भरून मोजावे.