शनिवारवाड्याभोवतीचे शंभर मीटर

पुणे दर्शनाला आलेला पाहुणा दिल्ली दरवाजावरच्या अणकुचीदार खिळ्यांना हात लावून बघतो, फोटो काढतो, आत जातो आणि विचारतो, ‘वाडा कुठाय?’ समोर असतात जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम जळून गेलं; उरला तो दगडी तट, बुरूज आणि दरवाजे. पुढे बरीच वर्षं पटांगणात भाजीबाजार भरत होता. १८८६ मध्ये नवी मंडई झाली तेव्हा तो तिकडे गेला. १९१९ मध्ये वास्तू संरक्षित ठरली.

त्या काळच्या राहणीचा वाडा बघायचा तर तटाबाहेर पडून कसबा, शनिवार पेठेच्या बोळांत शिरावं लागतं. तिथे मात्र दर्शनाची बस जात नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे पाडले, पुढच्या तीन दशकांत उरलेल्यांपैकी अनेकांच्या जागी फ्लॅट उभे राहिले. वाडामालकाला तुटपुंजं भाडं, भाडेकरूला हक्काची जागा सोडायची नाही. बिल्डर आला की दोघंही सुटत. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांसाठी हे दार १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने बंद झालं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम नाही; त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगीनेच बांधकाम. २०१० च्या दुरुस्तीने प्राचीन स्मारकांच्या मूळ १९५८ च्या कायद्यातच ही तरतूद आली. अंतर मोजायचं ते हद्दीपासून, चारही दिशांना. दाट पेठेत शंभर मीटर म्हणजे काही आळ्या आणि शेकडो बिऱ्हाडं.

खरी गुंतागुंत शब्दांची आहे. प्रतिबंधित पट्ट्यात १९९२ पूर्वीच्या घराची ‘दुरुस्ती’ आणि ‘नूतनीकरण’ परवानगीने करता येतं, ‘पुनर्बांधणी’ नाही. कायद्याच्या व्याख्येत पुनर्बांधणी म्हणजे पूर्वीच्याच लांबी-रुंदी-उंचीचं घर पुन्हा उभारणं. तेवढंही नियंत्रित क्षेत्रात चालतं, शंभर मीटरच्या आत चालत नाही. आता मातीच्या भिंती आणि लाकडी खांबांच्या वाड्यात दुरुस्ती कुठे संपते? एक खांब कुजला, बदलला. त्यावरची तुळई खचलेली, ती बदलली. तुळईवरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवल्याशिवाय तुळई निघत नाही आणि माळवद उतरवलं की भिंत उभी राहत नाही. कारागिराच्या लेखी हे सगळं एकच काम, पण कागदावर मध्येच कुठेतरी गुन्हा सुरू होतो. म्हणून मालक टेकू लावतो, वर पत्रे टाकतो आणि पावसाळा निघण्याची वाट बघतो.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी: तो नसता तर आज बुरुजाला खेटून दहा मजली इमारत दिसली असती. लोकसभेने जानेवारी २०१८ मध्ये या कायद्यात बदल करणारं विधेयक मंजूर केलं, पण ते सरकारी कामांना सवलत देण्यापुरतं. पेठेतल्या घरमालकाला त्यात काही नव्हतं.

गंमत म्हणजे जवळच्याच लाल महालाची आजची इमारत १९८० च्या दशकात नव्याने बांधलेली आहे. ती मात्र दर्शनाच्या यादीत असते.