आकार नाही म्हणजे प्रोटीन बिनकामाचं? कोण सांगतं!

फोंडा-म्हापशाच्या बारावीच्या ट्यूशनला अजून हेच घोकतात की प्रोटीनला ठरलेला आकार असेल तरच ते काम करतं. मूळ कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरची, 1894 ची, कुलूप-किल्लीवाली (कुलपात किल्ली बसावी तसा पदार्थ एन्झाइमात नेमका बसतो), आणि ती एन्झाइमांपुरती होती हो, सगळ्या प्रोटीनांना कुणी चिकटवली देव जाणे. चुकीची घडी पडून आजार होतात ते खरंच, पण काही प्रोटीनांचे लांबच लांब भाग मुळातच मोकळे, घडी न पडलेले असतात, आणि तरी काम करतात.

एप्सिन आणि एपी180 ही दोन प्रोटीनं घ्या. पेशीच्या पडद्यातून छोटी पिशवी खुडून माल आत न्यायचा असतो तेव्हा यांची लुळी शेपटी, मांडवीत गळ टाकावा तशी, लांबवर पोचून क्लॅथ्रिनला (पिशवीभोवती जाळी विणणारं प्रोटीन) अनेक जागी धरते, एकेक पकड सैल म्हणून सोडणंही सोपं, शिवाय अशा शेपट्यांची गर्दी झाली की त्या रेटारेटीनेच पडदा वाकायला मदत होते.

आणि मज्जापेशीत माल बाहेर सोडणाऱ्या पिशवीवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रोटीन तर एकटं असताना नुसता धागा! पेशीच्या पडद्यावरची सिंटॅक्सिन नि स्नॅप-25 ही प्रोटीनं भेटली की तिघांचा पीळ बसतो, त्या ओढीने पिशवीचा पडदा पेशीच्या पडद्यात मिसळतो. धनुर्वाताचं विष नेमका हाच धागा कापतं.