लांडग्याचे संरक्षण व लोकमत : बेळगाव सीमाभाग

लांडग्याला मिळालेल्या कायदेशीर संरक्षणाविषयी कर्नाटकाच्या बेळगाव सीमाभागात आढळणारी लोकभावना. हा प्रश्न मुख्यतः अथणी, रायबाग, सौंदत्ती, रामदुर्ग अशा पूर्वेकडील कोरड्या माळांचा. खानापूरच्या रानात वावर कोळसुंद्याचा (रानकुत्र्याचा). मेंढरू कोणी नेले हे सांगताना लांडगा (कन्नड : तोळ), तरस व मोकाट कुत्री यांची सरमिसळ होते. त्यामुळे तक्रारींवरून मत ठरवताना सावधगिरी हवी.

ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनमधील नमुन्यावरून ‘कॅनिस पॅलिपेस’ ही स्वतंत्र जाती वर्णिली. पुढे तिला करड्या लांडग्याची उपजाती मानले गेले. अलीकडील जनुकीय अभ्यासांनुसार द्वीपकल्पीय लांडग्याची वंशरेखा बरीच जुनी, बहुधा काही लाख वर्षांपूर्वी वेगळी झालेली असावी. म्हणून काही अभ्यासक तिला पुन्हा स्वतंत्र जाती मानतात. तूर्त उपजाती हेच वर्गीकरण अधिक सुरक्षित वाटते.

ब्रिटिश अमदानीत लांडगा मारणाऱ्यास सरकारी इनाम मिळे, आणि १९१२ च्या वन्य पशुपक्षी कायद्याच्या यादीत लांडगा नव्हता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, तो आहे. कलम ११ नुसार या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त झाल्यासच मुख्य वन्यजीव रक्षक शिकारीची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेची हानी हे कारण येथे चालत नाही. मेंढपाळाची मेंढी मात्र त्याची मालमत्ताच असते. रोषाचे मूळ येथे आहे.

तरीही धनगर व कुरुब मेंढपाळांना सरसकट लांडग्याचे वैरी ठरवणे चुकीचे होईल. एखादे कोकरू ‘त्याचा वाटा’ म्हणून सोडून देण्याची वृत्ती जुन्या पिढीत आढळते. भरवसा वाघरीवर (मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणावर), राखणीच्या कुत्र्यांवर आणि रात्रीच्या जागरणावर असतो. खरी नाराजी भरपाईविषयी आहे. मेलेले जनावर दाखवून पंचनामा होईपर्यंत थांबावे लागते, आणि ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरे बसवायची बोली झालेली असते तो शेतकरी पुढच्या गावी वाट पाहत असतो. कायदा केंद्राचा, भरपाई राज्याची. अथणीहून महाराष्ट्रातील जत-मिरजेकडे उतरणाऱ्या कळपाला चार दिवसांत दोन वनखाती लागतात.