पार्श्वभूमी: काचेआडची पायपेटी

ठाण्याहून पुणे-सांगलीकडे गाडीने निघालेली मंडळी वाटेत एखाद्या जुन्या गायकनटाच्या स्मृतिसंग्रहालयात अर्धा तास थांबतात. पगडी, शेला, पदकं, तंबोरा, आणि कोपऱ्यात काचेआड पायपेटी. तिच्या फलकावर कुठे ‘हार्मोनियम’ लिहिलेलं असतं, कुठे ‘ऑर्गन’. घोळ तिथूनच सुरू होतो.

ही एकाच वाद्याची दोन नावं नव्हेत. 1840च्या दशकात पॅरिसमध्ये घडलेल्या हार्मोनियममध्ये भाता हवा दाबतो आणि ती सुरांमधून, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी पात्यांमधून, बाहेर पडते. अमेरिकी पद्धतीच्या ऑर्गनमध्ये उलट: भाता हवा ओढतो, ती बाहेरून सुरांवाटे आत शिरते. म्हणून ऑर्गन गोल, मऊ वाजतो आणि हार्मोनियम धारदार. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात संगीत नाटक पाहताना रंगमंचासमोर दिसतो तो बहुधा ऑर्गन. दोन्हींना पायाने हवा द्यायची, म्हणून मराठीत दोन्ही पायपेट्या. परवानगी मिळून झाकण उघडता आलं तर सूर पाहावेत: ऑर्गनचे सूर खाचेत नुसते सरकवलेले असतात आणि आकडीने ओढून निघतात, हार्मोनियमचे स्क्रूने फळीला आवळलेले. मांडीशी घेऊन एका हाताने भाता मारायची पेटी 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात रूढ झाली. ‘संवादिनी’ हे सभेतलं नाव. कारागिराच्या तोंडी ती पेटीच.

फलक ज्याबद्दल गप्प असतो ती गोष्ट 1 मार्च 1940ची. त्या दिवसापासून नभोवाणीने, म्हणजे ऑल इंडिया रेडिओने, पेटीला बंदी केली. बंदी फक्त नभोवाणीपुरती होती. मैफलीत, भजनात, नाटकात पेटी वाजतच राहिली. पण नभोवाणीवरून गायचं तर पेटीवाल्याला घरी ठेवून जावं लागे. आधी नभोवाणीच्याच पाश्चात्य संगीत विभागातल्या एका ब्रिटिश संगीतकाराने तिच्यावर झोड उठवली होती, रवींद्रनाथांनीही तिच्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं. स्वातंत्र्यानंतर निर्णय फिरला नाही, उलट घट्ट झाला.

आक्षेप दोन. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, हे खरंच आहे. दुसरा, तिचे स्वर ‘खोटे’. सप्तकाचे 1200 सेंट (स्वरांतर मोजायचं एकक) धरले, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार 386वर असतो आणि समान अंतरांनी लावलेल्या पेटीचा 400वर. 14 सेंटचा हा फरक तयार कानाला खुपतो. मात्र हा दोष वाद्याचा कमी, लावण्याचा जास्त. सुराच्या पात्याचं टोक घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो; गंधार 386वर आणता येतो. अडचण पुढे आहे. तसा लावलेला गंधार एकाच षड्जाचा, म्हणजे एकाच ‘सा’चा. गायकाने ‘सा’ काळी एक या पट्टीवरून काळी दोनवर नेला की सगळा हिशेब कोसळतो. ‘सा’ बदलता येणाऱ्या स्केल चेंजर पेटीत तर पट्ट्यांचा सांगाडाच सरकतो, म्हणून तिथे समान अंतरांना पर्याय नाही. या प्रश्नाला ठाण्याच्याच एका डॉक्टर-वादकाने पुढे बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांच्या, पेटीने उत्तर दिलं: षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन जागा, खुंटी ओढली की जागा बदलते. बंदी घालणाऱ्यांना दुरुस्ती सुचली असती तर तीस वर्षं वाचली असती.

1971च्या सुमारास बंदी सैल झाली, तीही साथीपुरती. एकल वादनाला त्यानंतरही दीर्घकाळ दार बंद होतं.

काचेआडची पेटी बहुधा मुकी असते. भात्याचं चामडं न हलल्याने ताठरतं, घड्यांवर चिरतं आणि हवा गळते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. पितळी पात्यांवर हिरवा थर चढतो, धुळीचा कण अडकला तरी सूर बंद. भाता आणि पॅलेटची (पट्टीखालच्या हवेच्या झडपेची) चामडी बदलायला हरकत नाही. पात्यांना मात्र कानस लावू नये. धूळ मऊ ब्रशने, पातं न वाकवता काढावी. त्या पेटीचा मूळ षड्ज कुठे होता, याचा पुरावा त्या पात्यांतच असतो आणि एकदा घासलेलं पितळ परत येत नाही.