दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेलात तर : दंड, लायसन आणि दुसरी खेप

पोळा आटोपला की तहसीलसमोरच्या आमच्या टेबलावर दोन-तीन दिवस एकच मागणी असते. "भाऊ, चालान ऑनलाइन भरून टाका नं, मामला मिटवा." मिटत नाही. हेल्मेटचा दंड मोबाइलवरून भरता येतो, पण दारूचा खटला, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 185, न्यायालयातच जातो. जागेवर कोणी पैसे घेत असेल तर तो दंड नव्हे.

मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. मोहाची असो की दुकानातली, यंत्राला फरक पडत नाही. ट्रॅक्टरलाही हेच कलम लागतं. बैलबंडी तेवढी सुटते. "गाडी तं उभीच होती" हेही नेहमी चालत नाही, कारण कायद्यात चालवण्याचा प्रयत्नसुद्धा धरला आहे. पानठेल्यासमोर किक मारताना सापडलात तरी केस होऊ शकते.

पोलीस आधी यंत्रात फुंकायला लावतात. अटक केली तर 2 तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. म्हणून ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावर वेळ किती लिहिली आहे ते बघून ठेवा. विनाकारण फुंकायला नकार दिला तर तो तुमच्याच विरोधात धरला जातो.

गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनदाराचं आधार आणि सातबारा किंवा घरटॅक्सची पावती सोबत ठेवा. गाडीसाठी आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन लागतं. मूळ कागद घरी राहिले असतील तर डिजिलॉकर दाखवा.

शिक्षा अशी: पहिल्यांदा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा आणि त्यानंतर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा 3 वर्षांच्या आत झाला तरच शिक्षा वाढायची. 2019 च्या दुरुस्तीत ती अट गेली, त्यामुळे "ते तं लय जुनं झालं" म्हणून सुटका नाही.

लोक दंडाला भितात, खरं दुखणं लायसनचं आहे. पोलीस ते जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि तिथून सुनावणीची नोटीस येते. पहिल्या वेळी 3 महिने अपात्र ठरवता येतं, दुसऱ्या वेळी लायसनच रद्द. आमच्याकडच्या एका काळीपिवळीवाल्यानं ही नोटीस तुरीच्या पोत्यामागं खोचली. आठवण झाली तोवर तारीख निघून गेली होती. नोटीस, जप्तीची पावती, आधार आणि लेखी म्हणणं घेऊन तारखेला हजर राहा. घर त्याच लायसनवर चालत असेल तर तसं लिहा. आदेश पटला नाही तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. निलंबनानंतर लायसन परत घ्यायला उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

पिलेल्याच्या हाती जाणूनबुजून किल्ली देणाऱ्या मालकावरही कलम 188 खाली तीच शिक्षा येऊ शकते. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. नदीपलीकडून पिऊन येणाऱ्याच्या डिक्कीत बाटली सापडली, तर 1949 च्या दारूबंदी कायद्याची केस वेगळी लागते. तिचा जामीन, तिची तारीख, सगळं निराळं.